पित्ताशयाची सूज: पोटदुखीपासून पक्क्या निदानापर्यंत, ठाणे-नवी मुंबईकरांसाठी

मराठीत ‘पित्त’ हा शब्द फार कामं करतो. छातीत जळजळलं तरी पित्त, डोकं दुखून उलटी झाली तरी पित्त, अंगावर गांधी उठल्या तरी पित्तच. गेल्या पावसाळ्यात आईच्या पोटात वर उजवीकडे दुखायला लागलं तेव्हा आम्हीही तेच म्हणालो. आमसुलाचं सार झालं, मेडिकलमधून आणलेली पित्ताची गोळी झाली, आणि रात्री दुखलं की पेलाभर थंड दूध. आठ दिवसांनी कळलं की दुखणं पित्ताशयाचं आहे. त्याहून वाईट म्हणजे, दुधातल्या साईने पित्ताशय आकुंचन पावतं, म्हणजे आम्ही दुखऱ्या पिशवीला रोज रात्री कामाला लावत होतो.

मी बँकेत काम करते, डॉक्टर नाही. वर्तकनगर ते नौपाडा ते घोडबंदर रोड अशा फेऱ्या मारताना जे कळलं ते इथे क्रमाने लिहिते. औषध काय घ्यायचं, ऑपरेशन करायचं की नाही, हे तुमचे डॉक्टरच सांगतील. तपासणीच्या टेबलापर्यंत नीट कसं पोचायचं आणि हातात आलेल्या रिपोर्टचं काय करायचं, एवढंच मी सांगते.

१. दुखणं कुठलं आहे ते आधी बघा

पित्ताशय म्हणजे यकृताच्या खाली चिकटलेली, लहान लांबट वांग्याएवढी पिशवी. यकृतात तयार झालेलं पित्त त्यात साठतं आणि तेलकट-तुपकट खाल्लं की बाहेर सोडलं जातं. पिशवीच्या तोंडाशी खडा अडकला की पित्त आत कोंडतं आणि भिंतीला सूज येते. हे दुखणं बरगड्यांच्या खाली उजव्या बाजूला किंवा पोटाच्या वरच्या मध्यभागी असतं. बऱ्याचदा ते उजव्या खांद्यात किंवा पाठीत फऱ्याखाली जातं. जड जेवणानंतर काही तासांनी, खूपदा रात्री, सुरू होतं. नुसता खडा हलला असेल तर तास-दोन तासांत ओसरतं. सूज असेल तर पाच-सहा तास उलटले तरी हटत नाही, आणि सोबत ताप, मळमळ, उलटी येते.

आईला पाठीत दुखायचं म्हणून आम्ही बामही चोळला होता. असो.

वयस्कर माणसं आणि मधुमेही यांच्यात ही लक्षणं सौम्य असू शकतात. ताप नाही, फार दुखत नाही, फक्त जेवण जात नाही आणि माणूस गळून गेलंय, एवढंच दिसतं. आई दोन्हींत मोडते.

२. फॅमिली डॉक्टर की थेट कॅज्युअल्टी?

खालीलपैकी काहीही असेल तर अपॉइंटमेंट घेत बसू नका. जवळच्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जा किंवा १०८ ला फोन करा:

- थंडी वाजून ताप आणि सोबत पोटात वर दुखणं
- डोळे पिवळे दिसणं, लघवी गडद होणं
- काही खाता-पिता न येणं, सतत उलट्या
- घाम फुटणं, गरगरणं, बोलण्यात भरकटल्यासारखं होणं
- छातीकडे किंवा डाव्या हाताकडे जाणारं दुखणं

शेवटच्या ओळीबद्दल दोन शब्द. हार्ट अटॅकचं दुखणंही पोटाच्या वरच्या भागात जाणवू शकतं, आणि घरचे त्यालाही ‘पित्त’ किंवा ‘गॅस’ म्हणतात. म्हणून चाळिशी ओलांडलेल्या माणसाच्या अशा दुखण्यात डॉक्टर आधी ईसीजी काढायला सांगतात. ‘पोट दुखतंय आणि ईसीजी कशाला?’ असा वाद मी स्वतः घातला आहे. तुम्ही घालू नका.

सरकारी किंवा महापालिकेच्या रुग्णालयात जायचं असेल तर ठाण्यात सिव्हिल आणि कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आहे, नवी मुंबईत वाशीचं महापालिका रुग्णालय. ओपीडीसाठी सकाळी लवकर पोचून केसपेपर काढावा लागतो. सोनोग्राफीचा नंबर त्याच दिवशी लागेलच असं नाही, म्हणून दुखणं तीव्र असेल तर ओपीडीच्या रांगेत न थांबता कॅज्युअल्टीच गाठा.

३. रक्ताच्या तपासण्या

हा टप्पा झटपट उरकतो. सीबीसीमध्ये पांढऱ्या पेशी वाढल्यात का ते बघतात, सीआरपीवरून सूज किती आहे याचा अंदाज येतो. लिव्हर फंक्शन टेस्टमध्ये बिलिरुबिन वाढलेलं असेल तर खडा पिशवीतून सटकून पित्तनलिकेत गेला असावा अशी शंका घेतात. लायपेज किंवा अमायलेज स्वादुपिंडासाठी असतं, कारण तोच खडा स्वादुपिंडालाही त्रास देऊ शकतो. क्रिएटिनिन (मूत्रपिंड नीट चालतंय का ते दाखवणारी तपासणी) पण सांगितलं असेल तर त्याच वेळी करून घ्या, पुढे सीटी स्कॅनची वेळ आली तर ते मागतातच.

४. सोनोग्राफीची तयारी (इथे सगळ्यात जास्त लोक चुकतात)

पित्ताशयासाठी पहिली तपासणी सोनोग्राफीच. किरणोत्सर्ग नाही, गरोदरपणातही चालते, आणि खडे दाखवण्यात ती सीटीपेक्षा सरस आहे. पण ती उपाशीपोटी करायची असते: साधारण सहा ते आठ तास काही न खाता. कारण सोपं आहे. उपाशी असताना पिशवी पित्ताने भरून फुगलेली राहते आणि आतलं स्पष्ट दिसतं. खाल्लं की ती आक्रसते, भिंत उगाच जाड भासते आणि खडे लपतात.

आता ‘उपाशी’ या शब्दाची गंमत. आमच्या शेजारी एक आजोबा बसले होते. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, “आजोबा, उपाशी आहात ना?” आजोबा ठसक्यात म्हणाले, “हो, चतुर्थी आहे. सकाळी फक्त राजगिऱ्याचा लाडू आणि कपभर दूध.” त्यांना दुसऱ्या दिवशी यायला सांगितलं. त्यांना हसायचा हक्क मला नव्हता, कारण आदल्या दिवशी आम्हालाही परत पाठवलं होतं. पहाटे पाचला आईने नेहमीचं थंड दूध घेतलं होतं. उपास वेगळा आणि उपाशी वेगळं. साबुदाणा नाही, फळ नाही, चहा नाही, बिनदुधाची कॉफीसुद्धा नाही. मशेरी, तंबाखू, सिगारेटही तपासणी होईपर्यंत नको. साधं पाणी घोट-घोट चालतं.

पाण्यावरून आणखी एक घोळ होतो. चिठ्ठीवर फक्त वरच्या पोटाची सोनोग्राफी असेल तर लघवी रोखायची गरज नसते. ‘ॲब्डोमेन आणि पेल्व्हिस’ (पोट आणि ओटीपोट) लिहिलं असेल तर पोट रिकामं आणि लघवीची पिशवी भरलेली, असं दोन्ही हवं असतं. मग तासभर आधी साधं पाणी प्यायचं. फोनवर नंबर लावतानाच हे विचारून घ्या.

मधुमेह्यांसाठी: सकाळचा पहिला नंबर मागा. साखरेची गोळी किंवा इन्सुलिन उपाशीपोटी घ्यायचं की नाही, हे आदल्या दिवशी डॉक्टरांना विचारा. पर्समध्ये ग्लुकोजची पुडी असू द्या, आणि चक्कर किंवा घाम आला तर तपासणीची पर्वा न करता ती द्या.

आणि हे नक्की विचारा: “डॉक्टर किती वाजता बसतात?” सेंटर सातला उघडतं, पण सोनोग्राफी नोंदणीकृत डॉक्टरच करतात. ते साडेनऊला येणार असतील तर तुमचं माणूस उगाच अडीच तास जास्त उपाशी राहतं. वयस्करांसाठी घरी येऊन सोनोग्राफी होईल का, असंही बरेच जण विचारतात. गर्भलिंगनिदान रोखण्यासाठीच्या १९९४ च्या कायद्यामुळे मशीन घेऊन घरोघरी फिरण्यावर निर्बंध आहेत, तेव्हा त्या शोधात वेळ घालवू नका. दर्शनी भागात नोंदणीचं प्रमाणपत्र आणि ‘येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही’ हा फलक लावलेला असतो, तो बघून घ्या.

एक सूट मात्र आहे. कॅज्युअल्टीत, दुखणं जोरात असताना, डॉक्टर उपाशी असण्याची वाट बघत नाहीत, आहे त्या स्थितीत सोनोग्राफी करतात. तिथे “पण हिने सकाळी पोहे खाल्लेत” एवढं सांगा आणि गप्प बसा.

५. टेबलावर काय होतं

मला आत बसू दिलं म्हणून हे सांगू शकते. पोटावर गार जेली लावली तेव्हा आई दचकली. सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टर मॅडमनी उजव्या बरगड्यांच्या खाली प्रोब (मशीनचा हातात धरायचा भाग) टेकवला आणि म्हणाल्या, “मोठा श्वास घ्या, धरा.” पडद्यावर एक काळं लांबट वांगं दिसलं. पित्त पातळ असल्यामुळे ध्वनिलहरी त्यातून सरळ जातात, म्हणून ते काळं दिसतं. त्या काळ्यात तळाशी पांढरे ठिपके होते आणि प्रत्येक ठिपक्याच्या मागे शेपटीसारखी काळी सावली. खडा लहरी अडवतो, त्यामुळे त्याच्या मागे काहीच उमटत नाही. ती सावली ही खड्याची ओळख.

मग आईला डाव्या कुशीवर वळायला सांगितलं. ठिपके गडगडत दुसरीकडे गेले. गाठ किंवा पॉलिप असेल तर ते भिंतीला चिकटून राहतं, सहसा हलत नाही. आईचा एक ठिपका मात्र पिशवीच्या मानेपाशी तसाच राहिला. मॅडम तिथे दोनदा थांबल्या.

यानंतरची गोष्ट महत्त्वाची. मॅडमनी पित्ताशयावर नेमका प्रोब दाबला आणि श्वास घ्यायला सांगितला. आईचा श्वास अर्ध्यातच अडकला. पायाचे अंगठे ताणले गेले. “दुखलं?” आई म्हणाली, “नाही हो, थोडंसंच.” मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, “आई, खरं सांग.” तेव्हा कुठे ती म्हणाली की कळ डोक्यात गेली.

या दाबून बघण्याला मर्फी साइन म्हणतात, शिकागोचे सर्जन जॉन बेंजामिन मर्फी यांच्या नावावरून. खडे असताना ही खूण मिळाली तर सूज असल्याची शंका बरीच बळावते. पण ती पूर्णपणे पेशंटच्या उत्तरावर चालते. आपल्याकडे, त्यातून आईच्या पिढीच्या बायकांना, दुखलं हे सांगायचाच संकोच. म्हणून घरून निघतानाच बजावून ठेवा: जिथे दुखेल तिथे बोट ठेवून सांगायचं, सहन करून दाखवायचं नाही. आणि तपासणीआधी वेदनाशामक इंजेक्शन दिलं असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. त्याने ही खूण पुसट होते.

६. रिपोर्ट कसा वाचायचा

पाकीट हातात आलं की लिफ्टमध्येच मोबाइलवर शोधाशोध सुरू होते. मीही केली, आणि घरी पोचेपर्यंत आईला तीन वेगवेगळे कॅन्सर झाले होते. त्यापेक्षा एवढं पुरेसं आहे:

- कॅल्क्युलस, कॅल्क्युलाय, कोलेलिथियासिस: खडा, खडे, खडे असणं. नुसते खडे म्हणजे सूज नव्हे. खूप लोकांच्या पोटात ते गुपचूप पडून असतात आणि काही करावं लागत नाही.
- स्लज: गाळ. पित्त घट्ट झालेलं.
- वॉल थिकनेस: भिंतीची जाडी. साधारण ३ मिलिमीटरपर्यंत ठीक. त्याहून जास्त असेल तर सुजेचा संशय, पण पोट रिकामं होतं ना हे आधी आठवा.
- पेरिकोलेसिस्टिक फ्लुइड: पिशवीभोवती पाणी. सुजेच्या बाजूने जाणारी खूण.
- डिस्टेंडेड: फुगलेली. तोंडाशी अडथळा असल्यास असं होतं.
- कॉन्ट्रॅक्टेड: आक्रसलेली. बहुतेक वेळा ‘तुम्ही खाऊन आला होतात’ याचं सभ्य रूप. पण जुन्या, वारंवारच्या सुजेनेही पिशवी आक्रसते, म्हणून विचारून घ्या.
- सीबीडी: मुख्य पित्तनलिका. साधारण ६ मिलिमीटरपर्यंत रुंदी ठीक मानतात, वयानुसार थोडी जास्त चालते.
- इंप्रेशन: शेवटचा निष्कर्ष. सर्जन आधी हेच वाचतात.

यातलं कुठलंही एकटं वाक्य म्हणजे निदान नव्हे. डॉक्टर तीन गोष्टी एकत्र धरतात: पोट तपासताना मिळालेल्या खुणा, ताप-सीबीसी-सीआरपी, आणि स्कॅन. डॉक्टर पित्ताशयाच्या सुजेच्या निदानासाठी वापरतात त्या २०१८ च्या टोकियो मार्गदर्शक तत्त्वांची मांडणीही याच तीन भागांची आहे.

पावसाळ्यात ठाण्यात राहणाऱ्यांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा. डेंग्यूमध्येही पित्ताशयाची भिंत जाड होते आणि भोवती पाणी दिसू शकतं. ताप आहे, पोट दुखतंय, रिपोर्टमध्ये ‘वॉल थिकनिंग’ आहे, पण खडा नाही आणि प्लेटलेट्स उतरलेत, तर डॉक्टरांना डेंग्यूबद्दल स्पष्ट विचारा. ती सूज डेंग्यू ओसरला की सहसा आपोआप जाते. कावीळ, यकृताचे जुने आजार, हार्ट फेल्युअर यांतही भिंत जाड दिसते. उलट बाजूही आहे: आयसीयूत बरेच दिवस असलेल्या पेशंटना खडा नसतानाही खरी सूज येऊ शकते.

आणि ‘खडा’ या शब्दाचा सापळा. रिपोर्टची बातमी पसरल्यावर आमच्या मजल्यावरून कुळथाचं कढण आलं आणि खालच्या काकूंनी पानफुटीची पानं पाठवली. प्रेम कबूल, पण ही सगळी मूतखड्याची घरगुती औषधं. मूतखडा मूत्रमार्गात असतो, पित्ताशयाशी त्याचा काही संबंध नाही. मी कढण प्यायले. चांगलं झालं होतं.

७. सोनोग्राफीने भागलं नाही तर

बहुतेकांचं इथेच भागतं. आमचं भागलं नाही, कारण आईचं बिलिरुबिन वाढलं होतं.

एमआरसीपी. पित्तनलिकेत खडा आहे का हे बघण्यासाठीचा एमआरआय. किरणोत्सर्ग नाही आणि साधारणपणे इंजेक्शनही लागत नाही. चार-सहा तास उपाशी राहायला सांगतात. आत मशीन ठोकल्यासारखा आवाज करतं आणि सांगतील तेव्हा श्वास रोखावा लागतो, तर घरी थोडा सराव करून घ्या. धातू आत न्यायचा नाही. मंगळसूत्र, बांगड्या, जोडवी काढायची हे सगळ्यांना आठवतं. पदराची सेफ्टी पिन, केसांतली पिन आणि ब्लाउजचे हूक कुणालाच आठवत नाहीत. आईची जोडवी चाळीस वर्षांत निघाली नव्हती, ती साबण लावून काढण्यात वीस मिनिटं गेली आणि आमचा नंबर मागे पडला. आदल्या रात्रीच काढा. पेसमेकर, कानातलं इम्प्लांट, जुन्या ऑपरेशनमधली क्लिप किंवा रॉड असेल तर नंबर लावतानाच सांगायचं.

सीटी स्कॅन. पिशवी सडतेय का, फुटलीय का, आत हवा धरलीय का, किंवा दुखणं भलत्याच कशाचं आहे का, यासाठी. लक्षात ठेवा, बरेच खडे सीटीत दिसतच नाहीत, कारण त्यांची घनता पित्तासारखीच असते. म्हणजे ‘सीटीत खडा नाही’ यावरून खडा नाहीच असं ठरत नाही. शिरेतून कॉन्ट्रास्ट (फोटो स्पष्ट येण्यासाठीचं औषध) देणार असतील तर क्रिएटिनिनचा रिपोर्ट, आधीची ॲलर्जी आणि मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी चालू असल्यास तेही सांगा. गरोदर असण्याची शक्यता असेल तर हे सगळ्यात आधी.

हायडा स्कॅन. क्वचित लागतो, आणि न्यूक्लिअर मेडिसिन विभाग असलेल्या ठिकाणीच होतो. शिरेतून थोडं किरणोत्सारी औषध देतात, ते यकृतातून पित्तात उतरतं. पित्ताशय त्याने भरलं तर तोंड मोकळं आहे. तासाभरात भरलं नाही तर पुढे चार तासांपर्यंत फोटो काढत राहतात किंवा मॉर्फिन देऊन पुन्हा बघतात. तरीही भरलं नाही तर वाट बंद आहे. सोनोग्राफीने नीट उलगडा होत नसेल तेव्हा याचा उपयोग. वेळ काढून जा, डबा बरोबरच्या माणसासाठी न्या.

ईआरसीपी हे नाव कानावर पडलं तर एमआरसीपीशी गल्लत करू नका. ती दुर्बीण घालून नलिकेतला खडा काढण्याची प्रक्रिया आहे.

८. फाइलमध्ये काय हवं

- डॉक्टरांची चिठ्ठी. त्यावर ‘पोटदुखी’ एवढंच नको, ‘पित्ताशयाच्या सुजेची शंका’ असं लिहून घ्या. बघणारा नेमकं बघतो.
- आधार कार्ड
- जुने सोनोग्राफी रिपोर्ट, फोटोंसकट
- रक्ताचे रिपोर्ट, ईसीजी
- चालू औषधांची यादी, विशेषतः रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या
- मेडिक्लेमचं कार्ड. महात्मा फुले जन आरोग्य योजनेसाठी रेशन कार्ड

योजनेत बसतं का हे काउंटरवर विचारू नका, योजनेतल्या हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्र असतात, त्यांना गाठा. मेडिक्लेम असेल तर दोन गोष्टी. पित्ताशयाच्या खड्यांना बऱ्याच पॉलिसींत दोन वर्षांचा वेटिंग पीरियड असतो, तो तपासा. आणि ॲडमिट होण्याआधीच्या तपासण्यांची मूळ बिलं जपा, काही ठरावीक दिवसांपर्यंतची परत मिळतात. एका सेंटरने आम्हाला फोटोंशिवाय नुसता कागद दिला आणि बिल ‘नंतर व्हॉट्सॲप करतो’ म्हणाले. फोटोंसाठी पुन्हा एक फेरी आणि बिलासाठी दोन झाल्या. काउंटर सोडण्याआधी पाकीट उघडून बघा: रिपोर्ट, फोटो किंवा सीडी, सहीशिक्क्याचं बिल. नाव आणि वयही तपासा.

९. सगळं घेऊन सर्जनकडे

रिपोर्ट मिळाला की त्याच दिवशी जा. सूज नक्की असेल आणि पेशंटची तब्येत झेपणारी असेल तर पहिल्या काही दिवसांत ऑपरेशन करणं सर्जनना सोपं जातं, दिवस गेले की आतलं सगळं एकमेकांना चिकटत जातं. सर्जनला हे तीन प्रश्न विचारा: सूज आहे की नुसते खडे? नलिका मोकळी आहे का? आणखी स्कॅन हवा असेल तर त्याने निर्णय बदलणार आहे का? तिसरा प्रश्न मी विचारला तेव्हा डॉक्टर हसले आणि सांगितलेला सीटी त्यांनी खोडला. एमआरसीपीत नलिका मोकळी निघाली होती.

पिशवी काढली तर ती पॅथॉलॉजीला जाते. तो हिस्टोपॅथॉलॉजीचा रिपोर्ट साधारण आठवड्याने येतो आणि टाके काढायच्या गडबडीत तो आणायचं राहून जातं. तो आठवणीने आणा, फाइलमधलं शेवटचं पान तेच. खडे मात्र मागितले तर छोट्या बाटलीत देतात. सोनोग्राफीत ‘मल्टिपल’ एवढंच लिहिलं होतं, आईने मोजले, अकरा निघाले. बाटली आता फ्रिजवर आहे, आणि भेटायला आलेल्या प्रत्येकाला चहाआधी ती दाखवली जाते.